काडेपेटीची किंमत

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिराला आम्ही गेलो होतो. विषय होता 'घर आणि पर्यावरण'. चर्चा चांगली रंगली होती. कापडी पिशवी की प्लॅस्टिकची, स्टीलचा डबा की मेलामाइनचा, रिठ्याचे पाणी की धुण्याची पावडर, असे एकेक प्रश्न फळ्यावर चढत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी मुलांना सांगते, पर्यावरणाला आणि माणसांना त्रास न देणारी वस्तू निवडा. मुले घरी जाऊन आईला तसे सांगतात. आई म्हणते, ती दहा रुपयांनी महाग आहे. मग मुलांनी काय करायचे? आणि आमच्या एका घराने ती घेतलीच, तर त्याने काय फरक पडणार?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. चहाच्या सुट्टीत स्वयंपाकघरात डोकावलो, तेव्हा शेगडीशेजारी काडेपेटी पडलेली दिसली. ती उचलून आम्ही वर्गात आणली. त्या बाईंचा प्रश्न सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी नेमका याच वस्तूबद्दल विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर मिळायला अर्धे शतक लागले होते. त्या दिवशी वेळेअभावी अर्धीच सांगितलेली ही हकीकत येथे पुरी सांगत आहोत. दहावीपर्यंतच्या रसायनशास्त्रात फॉस्फरसची अपरूपे शिकवताना ती उपयोगी पडेल असे वाटते.

काडेपेटी येण्यापूर्वी घरात विस्तव जपावा लागे. आपल्याकडे रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून फुलवत. विझलेच तर शेजारणीकडून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव आणायचा, किंवा चकमक आणि गारगोटी झाडून कापसावर ठिणगी पाडायची. जगभर थोड्याफार फरकाने हेच चाले. पावसाळ्यात ओल्या हवेत हे काम किती जिकिरीचे होत असेल याची कल्पना करावी.

१८२७ साली इंग्लंडमधील स्टॉक्टन गावी जॉन वॉकर नावाच्या औषधविक्रेत्याने घासून पेटणारी काडी विकायला सुरुवात केली. त्याच्या रोजकीर्दीत पहिल्या विक्रीची नोंद ७ एप्रिल १८२७ ची आहे. काडीच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट, अँटिमनी सल्फाइड आणि डिंक यांचे मिश्रण लावलेले असे. काडी घडी घातलेल्या काचकागदात धरून जोराने ओढावी लागे. वॉकरने या शोधाचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे लवकरच इतरांनी तशाच काड्या बाजारात आणल्या. पण त्या पेटवायला जोर फार लागे आणि कधी कधी पेटते टोक उडून कपड्यावर पडे.

ही अडचण १८३० च्या सुमारास शार्ल सोरिया या फ्रेंच विद्यार्थ्याने दूर केली. अँटिमनी सल्फाइडच्या जागी त्याने पांढरा फॉस्फरस वापरला. आता काडी भिंतीवर, विटेवर, बुटाच्या तळव्यावर, कशावरही हलकेच घासली तरी पेटू लागली. काही वर्षांतच जर्मनी, ऑस्ट्रिया, इंग्लंड, फ्रान्स या देशांत अशा काड्यांचे कारखाने उभे राहिले आणि विस्तव ही जपून ठेवण्याची वस्तू न राहता खिशात घालून हिंडण्याची वस्तू झाली.

फॉस्फरस हे मूलद्रव्य १६६९ साली हँबर्गच्या हेन्निग ब्रांट याने मानवी मूत्र आटवून मिळवले होते. अंधारात ते मंद हिरवट चमकते, म्हणून त्याला 'प्रकाश वाहून आणणारा' या अर्थाचे ग्रीक नाव मिळाले. पांढऱ्या फॉस्फरसच्या रेणूत चार अणू असतात आणि ते चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर बसलेले असतात. अणूंमधले बंध केवळ ६० अंशांच्या कोनात वाकलेले असल्याने रेणूवर मोठा ताण असतो. म्हणूनच हे अपरूप हवेत ३०-३५ अंश सेल्सिअसच्या आसपास आपोआप पेट घेते आणि ते पाण्याखाली ठेवावे लागते. काडीच्या टोकाला हवे होते ते नेमके हेच. पण हे अपरूप अत्यंत विषारीही आहे. शंभर मिलिग्रॅमच्या आत-बाहेर पोटात गेले, तर मोठा माणूस दगावू शकतो.

कारखान्यात मात्र ते पोटात जात नसे, वाफेच्या रूपाने श्वासात जाई. लाकडाच्या बारीक काड्या चौकटीत बसवायच्या, त्यांची टोके फॉस्फरसच्या ऊन लगद्यात बुडवायची, वाळवायच्या, कापायच्या आणि पेट्यांत भरायच्या, असा कामाचा क्रम होता. यातले भरण्याचे काम बहुतेक मुली आणि स्त्रिया करत. जेवणही तेथेच, त्याच हातांनी. काही वर्षांनी एखादीचा दात दुखू लागे. मग हिरडी सुजे, पू येऊ लागे आणि जबड्याचे हाड हळूहळू मरून सडू लागे. त्याला इतकी दुर्गंधी येई की घरचे लोकही जवळ बसू शकत नसत. जबडा शस्त्रक्रियेने काढून टाकणे एवढाच उपाय असे, आणि तोही सगळ्यांना वाचवू शकत नसे. १८४५ साली व्हिएन्नाच्या लोरिन्सर या डॉक्टरांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचा संबंध काडेपेटीच्या कारखान्याशी जोडला. किडलेल्या दातातून विषाला वाट मिळते, हेही पुढे ध्यानात आले. इंग्लंडमध्ये कामगारांनी त्याला 'फॉसी जॉ' म्हणजे फॉस्फरसचा जबडा असे नाव दिले होते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. काडी विकत घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नव्हते. त्याच्या हाती येई ती छापील चित्राची सुबक पेटी. तिने दिवा लागे, चूल पेटे, हिवाळ्यात शेकोटी पेटून घर उबदार होई. रोग राही तो गावाबाहेरच्या कारखान्यात.

मग यावर उपाय नव्हता का? होता, आणि तो फार लवकर सापडला होता. १८४५ च्या सुमारासच व्हिएन्नाच्याच अँटोन फॉन श्र्योटर यांनी पांढऱ्या फॉस्फरसचे लाल अपरूप तयार केले. हवा न लागू देता पांढरा फॉस्फरस सुमारे २५० अंशांवर बराच काळ तापवला की सुटे चौकोनी रेणू उघडून एकमेकांना जोडले जातात आणि लांब साखळ्या बनतात. ताण निघून जातो. हा लाल फॉस्फरस सहजी पेटत नाही, त्याची वाफ होत नाही आणि तो विषारीही नाही. मूलद्रव्य तेच, अणू तेच, फक्त जोडणी वेगळी, आणि एवढ्याने जीवघेणी वस्तू निरुपद्रवी होते. अपरूपतेचे यापेक्षा चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

स्वीडनमध्ये गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ साली आणखी एक युक्ती सुचवली होती. ज्वालाग्राही द्रव्ये एकाच टोकावर ठेवण्याऐवजी ती विभागावी, ही ती युक्ती. पोटॅशियम क्लोरेट काडीच्या टोकाला, आणि फॉस्फरस पेटीच्या कडेवरच्या पट्टीत. दोन्ही एकत्र आल्याशिवाय जाळ नाही. यॉन्शॉपिंग गावच्या लुंडस्ट्र्यॉम बंधूंनी या युक्तीत लाल फॉस्फरसची भर घालून निर्धोक काडेपेटी बाजारात आणली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदकही मिळाले. आज आपल्या घरात असते ती हीच काडेपेटी. पट्टीवर काडी घासली की घर्षणाच्या उष्णतेने लाल फॉस्फरसचा अगदी सूक्ष्म अंश पेट घेतो आणि क्लोरेटचा ऑक्सिजन मिळून टोक भडकते.

म्हणजे १८५५ साली बाजारात दोन काडेपेट्या शेजारी शेजारी होत्या. एक कामगारांचा जबडा खाणारी, दुसरी न खाणारी. कुणीही म्हणेल की पहिली लवकरच हद्दपार झाली असेल. प्रत्यक्षात ती आणखी पन्नासहून अधिक वर्षे टिकली!

याची कारणे फार ओळखीची आहेत. लाल फॉस्फरस हा पांढऱ्यापासूनच बनवावा लागे, त्यात वेळ आणि इंधन जाई, म्हणून निर्धोक पेटी महाग पडे. शिवाय ती फक्त स्वतःच्या पट्टीवरच पेटे. पट्टी ओली झाली किंवा झिजली की काड्या वाया. भिंतीवर घासून काडी पेटवायची सवय लागलेल्या गिऱ्हाइकाला ही अडचण वाटे. इंग्लंडमध्ये निर्धोक काडेपेटी आणली ती ब्रायंट आणि मे या भागीदारांनी. ते क्वेकर पंथाचे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते. त्यांनी स्वीडिश पेटंटचे हक्क घेतले आणि १८६१ पासून पूर्व लंडनच्या बो भागात कारखाना चालवला. पण खप होता स्वस्त काडीचा. त्यामुळे त्याच कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या अधिकाधिक बनू लागल्या. पुढे कंपनी भागधारकांची झाली आणि लाभांशाचा दर २० टक्क्यांच्या वर गेला.

१५ जून १८८८ रोजी लंडनमध्ये फेबियन सोसायटीची एक सभा भरली. क्लेमेंटिना ब्लॅक या बाई स्त्री-कामगारांच्या स्थितीवर बोलल्या. ग्राहकांनी संघ करावा आणि कामगारांना नीट वागवणाऱ्या उत्पादकांचाच माल घ्यावा, असा विचार त्या मांडत असत. चर्चेत ब्रायंट आणि मे कंपनीच्या लाभांशाचा आणि तिथल्या मुलींच्या मजुरीचा विषय निघाला, आणि या कंपनीच्या काड्या आपण वापरायच्या नाहीत असे सभेने ठरवले. आज आपण ज्याला विवेकी खरेदी म्हणतो, तिचाच हा ठराव होता.

सभेत अ‍ॅनी बेझंट हजर होत्या. याच बेझंटबाई पुढे १८९३ साली भारतात आल्या, बनारसला त्यांनी सेंट्रल हिंदू कॉलेज काढले आणि १९१७ साली त्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कारखान्याच्या दारावर जाऊन मुलींशी बोलायला सुरुवात केली आणि २३ जूनच्या 'द लिंक' या आपल्या साप्ताहिकात मजुरीचे आकडे छापले. आठवड्याला चार ते आठ-नऊ शिलिंग मजुरी. त्यातूनही पाय मळके असले, बाकावर कचरा पडला, उशीर झाला, बोलल्या, म्हणून दंड कापला जाई. मजकूर खोटा आहे असे मुलींकडून लिहून घेण्याचा कंपनीने प्रयत्न केला. त्यांनी नकार दिला. एका मुलीला कामावरून काढताच जुलैच्या सुरुवातीला सुमारे १४०० कामगार स्त्रिया बाहेर पडल्या. दोन आठवड्यांत कंपनीने माघार घेतली. दंड बंद झाले, जेवायला वेगळी खोली मिळाली आणि मुलींची संघटना उभी राहिली.

वेगळी जेवणखोली ही मागणी वरवर किरकोळ वाटते. पण फॉस्फरसच्या लगद्याशेजारी ठेवलेला पाव खाणाऱ्यांच्या दृष्टीने ती जिवाची बाब होती. तरी संपाने पांढरा फॉस्फरस गेला नाही. मजुरी सुधारली, विष होते तेथेच राहिले.

आता त्या शिबिरातल्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. महाग पण चांगली वस्तू बाजारात ठेवली आणि लोकांना तिचे कारण समजावून सांगितले, तर लोक ती घेतील का? हा प्रयोगही करून झालेला आहे. १८९१ साली विल्यम बूथ यांच्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेने पूर्व लंडनमध्ये स्वतःचा काडेपेटी कारखाना काढला. हवा, उजेड, स्वच्छ जागा, इतरांपेक्षा वाढीव मजुरी आणि केवळ लाल फॉस्फरस, अशी तिथली व्यवस्था होती. पेटीवर संस्थेचे नाव असे. पत्रकारांना आणि खासदारांना संस्थेचे लोक पूर्व लंडनमधल्या गरिबांच्या घरी नेत. तेथे आई आणि मुले मिळून घरच्या घरी काडेपेटीची खोकी चिकटवत. १४४ खोक्यांना सव्वादोन पेन्स मजुरी, आणि खळ व दोरा स्वतःच्या पदरचा. एकाच खोलीत जेवण, झोप आणि वाळत घातलेली खोकी. कुणाच्या तरी घराची ऊब अशी दुसऱ्याच्या घरातून येत होती.

लोक हळहळले. अनेकांनी ती पेटी घेतलीही. वाण्याकडे हीच काडेपेटी मागा, असा प्रचारही झाला. पण रोजच्या खरेदीत स्वस्त पेटी पुन्हा पुन्हा जिंकत राहिली. इतर देशांतून येणारा स्वस्त मालही स्पर्धेला होताच. कारखाना तोट्यात गेला आणि १९०१ साली तो ब्रायंट आणि मे कंपनीकडेच गेला.

यावरून कुणी म्हणेल, झाले तर मग, ग्राहकांच्या सद्‌भावनेत काही अर्थ नाही. तसा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. त्या दहा वर्षांत एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली होती. माणसांचे जबडे न कुजवता काडेपेटी बनवता येते, हे सर्वांसमोर आले होते. 'दुसरा मार्गच नाही' असे म्हणण्याची सोय आता कुणाला उरली नव्हती. १८९८ साली फॉसी जॉच्या रुग्णांची माहिती कारखाना निरीक्षकांना न कळवल्याबद्दल ब्रायंट आणि मे कंपनीला न्यायालयात दंड झाला. त्यानंतर सरकारने टी. ई. थॉर्प या रसायनशास्त्रज्ञासह तीन तज्ज्ञ नेमले. त्यांचा अहवाल १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०१ पर्यंत कंपनीने पांढरा फॉस्फरस सोडला होता.

दरम्यान फ्रान्समध्ये वेगळाच धागा पुढे सरकत होता. तेथे काडेपेटीचा धंदा सरकारी मक्तेदारीचा होता. कामगार आजारी पडले की भुर्दंड सरकारलाच, आणि त्यांचे संपही सरकारविरुद्धच. साहजिकच पर्याय शोधण्याची निकड सरकारला होती. १८९८ साली सेव्हेन आणि काएन या दोन अभियंत्यांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड वापरून कोठेही घासून पेटणारी, तरीही विषारी नसलेली काडी तयार केली. फॉस्फरसचे चार अणू आणि गंधकाचे तीन असे हे संयुग काही नवीन नव्हते. ते लमॉन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८६४ मध्येच बनवले होते. म्हणजे ३४ वर्षे ते पुस्तकात पडून होते आणि बाहेर कारखान्यात जबडे कुजत होते! संशोधन करणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही गोष्ट विसरू नये. एखादा पदार्थ माहीत असणे आणि त्याची गरज कुणाला आहे हे माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राहिला कायदा. फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घातली होती. स्वित्झर्लंडने १८७९ मध्ये घातली, पण चांगल्या पर्यायी काड्या पुरेशा नसल्यामुळे चोरटा धंदा माजला आणि बंदी मागे घ्यावी लागली. पर्याय हाती आल्यावर १८९८ मध्ये ती पुन्हा घालता आली. एकाच देशाने बंदी घातली तर धंदा शेजारच्या देशात जाईल, ही भीती प्रत्येकाला होती. ती घालवायची तर सर्वांनी मिळूनच पाऊल उचलायला हवे होते. १९०६ साली बर्न येथे सात युरोपीय देशांनी करार करून अशा काड्यांची निर्मिती, आयात आणि विक्री बंद करण्याचे ठरवले. कामगारांच्या आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर आंतरराष्ट्रीय बंदी येण्याचे हे फार जुने उदाहरण आहे. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला आणि तो १९१० पासून लागू झाला.

अमेरिकेने निराळी वाट धरली. सेस्क्विसल्फाइडचे अमेरिकेतले पेटंट डायमंड मॅच कंपनीकडे होते. १९११ साली कंपनीने ते सर्वांना खुले केले. १९१२ मध्ये तेथील संसदेने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर शंभर काड्यांमागे दोन सेंट असा जबर कर बसवला. बंदी नाही, फक्त कर! पण त्यामुळे वाईट काडी चांगल्या काडीपेक्षा कितीतरी महाग झाली आणि बाजारातून आपोआप गेली. साठ वर्षे जी किंमत चांगल्या काडीच्या आड येत होती, तीच कायद्याने उलटी फिरवली. भारतातही १९१३ साली पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांना मनाई करणारा कायदा झाला. आपल्या आजी-पणजींच्या चुलीजवळची काडेपेटी निर्धोक झाली ती अशी.

ही हकीकत येथे संपवली असती, तर ती गोड झाली असती. पण काडीतले विष गेले म्हणून काडेपेटीचे सगळेच प्रश्न सुटले नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर भारतात हा उद्योग वाढला. १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी म्हणजे 'विमको' स्थापन झाली. तिचा अंबरनाथचा कारखाना आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. त्याच सुमारास तमिळनाडूतील शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोन तरुण कलकत्त्याला जाऊन काडेपेटीची विद्या शिकून आले. पावसाने पाठ फिरवलेल्या त्यांच्या मुलखात हातकामाचा हा धंदा चांगलाच फोफावला. त्याने हजारो घरांना रोजगार दिला, हे खरे. पण काड्या चौकटीत बसवणे आणि पेट्या भरणे यासाठी लहान बोटे सोयीची ठरली, आणि शाळेच्या वयाची मुले त्यात ओढली गेली.

१९८६ च्या बालकामगार कायद्याने आगपेटी, फटाके आणि स्फोटके बनवण्याच्या कामात १४ वर्षांखालील मुले लावण्यास मनाई केली. मात्र मालकाच्या स्वतःच्या कुटुंबाच्या मदतीने जेथे काम चालते, त्या जागा त्यातून सुटल्या. पूर्व लंडनच्या त्या खोलीची येथे आठवण होते. कारखान्यावर नियम आला की काम घरात शिरते. १९९६ साली शिवकाशीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे मूल कामावर ठेवणाऱ्या मालकाकडून प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये वसूल करून ते मुलांच्या कल्याणनिधीत जमा करण्याचा आदेश दिला. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यास मनाई झाली. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत राहिली, पण धोकादायक कामे त्यातून वगळली.

आता किमतीकडे पाहू. २००७ पासून एक रुपयाला मिळणारी काडेपेटी १ डिसेंबर २०२१ रोजी दोन रुपयांची झाली. चौदा वर्षे जिची किंमत हलली नाही, त्या वस्तूचा लाकूड, कागद, मेण, रसायने आणि मजुरी यांचा वाढता खर्च इतकी वर्षे कुणी सोसला असेल, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये. त्यांना हिशेब मांडू द्यावा.

तर मग त्या बाईंना काय सांगायचे? काडेपेटीच्या इतिहासातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, वस्तूमागचे दुःख वस्तूवर लिहिलेले नसते. ते लोरिन्सरसारख्या डॉक्टरला, बेझंटसारख्या पत्रकाराला, नाही तर कुणा निरीक्षकाला शोधून काढावे लागते. दुसरी, तितकाच सोयीचा पर्याय असल्याशिवाय केवळ उपदेश टिकत नाही, आणि तो पर्याय शोधणे हे विज्ञानाचे काम आहे. तिसरी, नियम सर्वांना सारखा असल्याशिवाय चांगला उत्पादक तगत नाही. एकट्या ग्राहकाने या तिन्हींचे ओझे उचलावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून महाग वस्तू न परवडणाऱ्या आईला आपण अपराधी ठरवू नये. मुलांनीही ठरवू नये.

पण ग्राहकाचे काही कामच नाही, असेही नाही. १८८८ च्या त्या सभेने काड्या न घेण्याचे ठरवले, त्याने कंपनीचा खप किती घटला असेल कोण जाणे. मात्र त्या ठरावामुळे एक बाई कारखान्याच्या दाराशी गेली, आणि पुढचे सारे त्यातून घडले. ग्राहकाने विचारलेला प्रश्न त्याच्या पैशापेक्षा लांब जातो. आज वस्तूंवर वेगवेगळी चिन्हे दिसतात. भारत सरकारने १९९१ साली पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी मातीच्या मडक्याचे 'इकोमार्क' हे चिन्ह आणले. उत्पादक फारसे पुढे न आल्याने ते रुजले नाही. २०२४ मध्ये त्यासाठी नवे नियम झाले. बालकामगारांशिवाय विणलेल्या गालिच्यांसाठी १९९४ पासून 'रगमार्क' हे चिन्ह सुरू झाले. कैलाश सत्यार्थी यांचा त्यात मोठा वाटा होता आणि आता ते 'गुडवीव्ह' नावाने चालते. कोणतेही चिन्ह दिसले की मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. हे कुणी तपासले? काय तपासले? आणि काय तपासले नाही? काडीत विष नाही एवढे तपासणारे चिन्ह, ती कुणाच्या हातांनी भरली हे सांगत नाही.

वर्गात एक साधी काडेपेटी पुरते. शिक्षकांनी स्वतः एक काडी खडबडीत दगडावर घासून दाखवावी, ती सहसा पेटत नाही. मग पट्टीवर घासावी. का, ते मुलांना सांगू द्यावे. नंतर पेटीवरचा मजकूर वाचावा. उत्पादकाचे नाव, गाव, किंमत, काड्यांची संख्या. लाकूड कोणत्या झाडाचे असेल? (आपल्याकडे सावरीचे आणि पॉप्लरचे लाकूड वापरतात.) एका काडीला किती पैसे पडले? घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत पेटी केवढ्याला मिळे?

शिबिरानंतर काही महिन्यांनी त्या बाईंचे पत्र आले. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी काडेपेटी, खडू, उदबत्ती आणि अंगाचा साबण या चार वस्तू घेऊन गावातल्या दुकानदाराला गाठले होते आणि या कुठे बनतात, कोण बनवते, असे विचारले होते. दुकानदाराला चारांपैकी एकाचेच उत्तर देता आले. ते उदबत्तीचे होते, कारण त्याची बहीणच त्या वळत असे. मुले आता तिच्याकडे जाणार आहेत, असे बाईंनी लिहिले होते.